सा न देता सुरू होणारी गाणी

जपानमध्ये शिकायला निघालेल्या मराठी पोराला व्हिसा, घरभाडं, कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत टाकायचा हे सगळं कुणी ना कुणी समजावतं. काराओकेबद्दल चकार शब्द नाही. तिथं विद्यापीठातल्या क्लबचं खाणंपिणं आटोपलं की ‘निजिकाई’, म्हणजे दुसरी बैठक. आणि ती बहुतेक वेळा काराओकेच्या खोलीतच बसते. एवढीशी खोली, दाराला काच, टीव्ही, दोन माईक, एक खंजिरी. ‘तुम्ही गा हो, मी टाळ्या वाजवतो’ हे गणेशोत्सवात चालतं. इथं पाचव्या मिनिटाला डेनमोकू मांडीवर येतो. डेनमोकू म्हणजे गाणं निवडायचा टॅब. तो पुढच्याकडे सरकवला तरी फिरून परत येतो, सत्यनारायणाच्या आरतीच्या तबकासारखा.

आता पोरं गाणी लावतात कुणाची? योआसोबी, हिगेदान (पूर्ण नाव ऑफिशियल हिगे दान्दिझम, पण एवढं म्हणेपर्यंत अंतरा येतो), किंग नू, मिसेस ग्रीन अ‍ॅपल ऊर्फ नुसतंच ‘मिसेस’, आदो, योनेझु केन्शी. ऐकायला एकाहून एक सरस. गायला घेतलंत की प्रत्येक गाणं गळ्याशी येतं.

पहिला दगा सुरुवातीलाच. योआसोबीचं २०१९ चं ‘योरु नि काकेरु’, त्यांचंच २०२३ चं ‘आयडॉल’ आणि किंग नूचं ‘हाकुजित्सु’ ही तिन्ही गाणी थेट शब्दांनी सुरू होतात. तंबोरा नाही, पेटी नाही, सा मिळत नाही. त्यात ‘हाकुजित्सु’ची पहिली ओळ पुरुषाच्या आवाजात, पण खोट्या आवाजात आणि उंच. साथ नावापुरती. उपाय एकच: आधीचा गायक शेवटच्या ओळीवर असतानाच आपला पहिला सूर मनात धरून बसायचं. तो सूर आठवत नसेल तर गाणं लावायचं नाही.

दुसरी अडचण पट्टीची. आपल्याकडे पुरुष काळी एक-दोनमध्ये सुखानं नांदतो. हिगेदानचा फुजिहारा आणि मिसेसचा ओमोरी हे तार सप्तकात कायमचे भाडेकरू. यावर ‘की’चं बटण आहे; एकदा दाबलं की पेटीवरची एक पट्टी खाली, काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून. तीन-चार पट्ट्या उतरवल्या की ध्रुवपद आवाक्यात येतं, पण मग अंतरा मंद्रात घरंगळतो आणि नुसता घोगरा श्वास ऐकू येतो. दोष गळ्याचा नाही, गाण्याचा पल्लाच दांडगा आहे. म्हणून पारख अशी: ध्रुवपदातला सगळ्यात उंच सूर आणि अंतऱ्यातला सगळ्यात खालचा सूर, दोन्ही एकाच पट्टीत लागतात का? नसतील लागत तर ते गाणं फक्त ऐकायचं. ही चाचणी चारचौघांत नको. ‘हितोकारा’ म्हणून एकट्यानं खोली घेण्याची तिथं रीतच आहे, कुणी वळून बघत नाही. दुपारी जावं, विद्यार्थी ओळखपत्र दाखवून सवलत आहे का विचारावं.

आणि बायकांचं गाणं पुरुषानं एक सप्तक खाली घेतलं, उदाहरणार्थ गायिका आयम्योनचं ‘मॅरीगोल्ड’, तर पट्टी उतरवायची नसते, दोन-तीन चढवायची असते. हे ऐकून लोक हमखास वाद घालतात. घालू द्या, गाऊन बघितल्यावर गप्प होतात.

श्वासाचं दुखणं मात्र मुळातलं आहे. योआसोबीचा आयासे आणि योनेझु हे दोघेही आधी संगणकातल्या आवाजासाठी गाणी रचत. २००७ साली आलेली हात्सुने मिकू ही त्यातली सगळ्यात गाजलेली गायिका. ती बाई सॉफ्टवेअर असल्यामुळे तिला फुप्फुसं नाहीत. चालीत श्वासाला जागा ठेवायची गरजच नव्हती. ती सवय पुढच्या गाण्यांत उतरली आणि हाडामांसाच्या विद्यार्थ्यांना भोवली. त्यातून जपानीत प्रत्येक अक्षराला आपापली मात्रा. शब्दातला अर्धा ‘न’सुद्धा आपला वेगळा ठोका मागतो. तो गिळला की पुढची ओळ अख्खी एक ठोका आधी पोचते. श्वास कुठं चोरायचा ते कागदावर फुल्या मारून आधी ठरवावं. तिथल्या तिथं सुचत नाही.

वाचनाचं काय? कांजी म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं. त्यांच्यावर बारीक अक्षरात उच्चार येतो, तोच वाचायचा. पुण्यात जपानी शिकून बऱ्यापैकी परीक्षा दिलेला माणूस इथं हुशारीपायी फसतो. कांजी असते ‘विश्वा’ची, तो ठणकावून ‘उचू’ म्हणतो, आणि कवीनं वर लिहिलेलं असतं ‘सोरा’, म्हणजे आकाश. ज्याला कांजी येतच नाही तो बरोबर गातो.

गुण देणारं यंत्र हा आणखी एक नमुना. पडद्यावर सुरांच्या आडव्या पट्ट्या आणि त्यावरून आपल्या आवाजाची रेघ. खालून ओढत सूर लावला की ‘शाकुरी’ मोजतं, गिरकी घेतली की ‘कोबुशी’. नाट्यगीतावर पोसलेल्या माणसाला वाटतं, आता दाखवतोच. पण पट्टी सरळ असताना तुम्ही हरकत घेतलीत की यंत्रही हरकत घेतं: सूर चुकला. सरळ, कोरडं, मधल्या आवाजात गाणारा पोरगा ९० पार करतो. एक मात्र पक्कं, यंत्र शब्द तपासत नाही. अडलात तर ‘ना ना ना’ म्हणत सूर धरून ठेवा. गप्प बसलात तर गुण गेले. आणि माईकची जाळी मुठीत धरू नका. शिट्टी वाजते आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

मग नवख्यानं लावायचं काय? ओकिनावाच्या मोंगोल८०० या बँडचं २००१ चं ‘चीसाना कोई नो उता’. ध्रुवपदाला खोलीतले सगळेच ओरडतात, त्यात तुमचा आवाज कुठं विरला हे तुम्हालाही कळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कुणी ‘आयडॉल’ घेतलं की उरलेला माईक पटकावून मधल्या आरोळ्या तेवढ्या द्यायच्या. गायल्याचं पुण्य पदरात, जोखीम शून्य. क्रीपी नट्स या रॅप करणाऱ्या जोडीच्या ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’चं ध्रुवपद कुणालाही येतं. कडवी लागली की माईक शेजाऱ्याला द्यायचा, आणि तोंडभर हसायचं.

पेय माफक घ्या. बर्फ घातलेल्या हिरव्या मेलन सोड्यानं गळा बसतो. शिवाय जिथं पेयं खोलीत आणून देतात तिथला वेटर नेमका तुम्ही डोळे मिटून वरचा सूर लावलात की दार उघडतो. थांबू नका. थांबलात तर तोही ओशाळतो आणि ग्लास हळूहळू, एकेक करून ठेवतो.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो. दहा मिनिटं म्हणजे दोन गाणी. डेनमोकूवर रांग असते सात गाण्यांची, त्यातलं चौथं तुमचं, आठवडाभर फुल्या मारून बसवलेलं. आणि फोन उचलणारा वाढीव अर्धा तास न मागता नम्रपणे ‘हाय, हाय’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणून ठेवून देतो.