वऱ्हाडचा कापूस आणि न वाचलेला इजिप्त

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विदर्भातल्या माणसाला आपल्या मुलखाचा इतिहास नीट कळायचा असेल, तर त्यानं इजिप्त, हैती, घाना, इंडोनेशिया यांचाही इतिहास वाचला पाहिजे, आणि तो त्याला मराठीत मिळाला पाहिजे. इंग्रजीत मिळतो, हे मलाही माहीत आहे. मी बोलतोय ते उमरेडच्या, वणीच्या, कारंज्याच्या शाळामास्तरांबद्दल, कॉलेजातल्या पहिल्या पिढीच्या पोरापोरींबद्दल. त्यांना वाचायची भूक आहे, पण चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक त्यांच्या वाट्याला येत नाही.

नागपुरात बर्डीवरच्या कुठल्याही पुस्तकाच्या दुकानात जा. 'जागतिक इतिहास' म्हटल्यावर काय दिसतं? हिटलर चार-पाच प्रकाशनांचा, नेपोलियन, चर्चिल, दुसरं महायुद्ध. आफ्रिका शोधायची तर प्रवासवर्णनाच्या कप्प्यात, सिंहाच्या मुखपृष्ठासह. ज्यांनी राज्य केलं त्यांची घराणी आपल्याला पाठ. ज्यांच्यावर आपल्यासारखंच राज्य झालं त्यांच्या राजधान्यांची नावं माहीत नाहीत. हे मला फार लागतं.

आपलंच उदाहरण घ्या. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला गेलं, हत्ती-घोड्यांचा लिलाव झाला. हे आपण सांगतो, हळहळतो, आणि थांबतो. पण त्याच १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडही इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं, आणि नागपूर घेण्यामागच्या कारणांत डलहौसीनं इथल्या कापसाचाही हिशेब मांडला होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. पण तोवर यादवी संपून दोन वर्षं झाली होती आणि भाव कोसळले होते.

आता याच वर्षांत नाईलच्या काठी काय चाललं होतं ते बघा. तिथंही कापूस, तिथंही तोच भाव. त्या तेजीच्या भरवशावर इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल यानं युरोपातल्या सावकारांकडून भरमसाट कर्ज काढलं. भाव पडले, कर्ज राहिलं. १८७५ मध्ये इजिप्तला सुएझ कालव्यातले आपले शेअर ब्रिटनला विकावे लागले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज देशात उतरली. त्याच १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनच्या त्या दंग्यामागच्या कारणांतही हीच कापसाची तेजी आणि मंदी होती. सुप्याचा कुणबी आणि नाईलकाठचा फेल्लाह, म्हणजे तिथला शेतकरी, यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, पण दोघांच्या मानेवरचं जू एकाच बाजारातून आलं होतं.

हे शेजारी शेजारी ठेवून वाचलं की माणूस नशिबाला बोल लावणं सोडतो. आपले राजे भांडकुदळ होते, आपण आळशी होतो म्हणून गुलाम झालो, ही जी समजूत घराघरात बोलली जाते, तिला उत्तर इथंच मिळतं. हैतीच्या गुलामांनी फ्रान्सशी लढून १८०४ ला स्वातंत्र्य मिळवलं. त्यांच्यात ना आळस होता ना भित्रेपणा. तरी १८२५ मध्ये फ्रान्सनं लढाऊ जहाजं पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. पुढे रक्कम कमी झाली, पण त्यापायी काढलेलं कर्ज फिटायला १९४७ साल उजाडलं.

आणि ही नजर मराठीला परकी मुळीच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. सखाराम गणेश देऊस्कर या मराठी घरातल्या माणसानं १९०४ मध्ये बंगालीत 'देशेर कथा' लिहून इंग्रजी लुटीचा हिशेब मांडला आणि सरकारला ते पुस्तक जप्त करावं लागलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती.

वाचक नाहीत, हे कारण मी ऐकून घेणार नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर या. ताडपत्रीखाली मांडलेल्या पुस्तकांसमोर माणसं उकिडवी बसून पानं चाळतात, लुगड्याच्या गाठीतून नोटा काढून पुस्तकं घेतात आणि भाकरीच्या पिशवीत जपून ठेवतात. त्यांच्यासाठी दोनशे पानांचं, सरळ भाषेतलं, परवडेल अशा किमतीचं पुस्तक हवं.

एक अट मात्र आहे. ही पुस्तकं झेंडा फडकला त्या दिवशी संपायला नकोत. घाना १९५७ ला स्वतंत्र झाला, पण देशाचा सगळा डोलारा कोकोवर. साठच्या दशकात कोकोचा भाव पडला आणि १९६६ ला लष्करानं राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांची सत्ता उलथवली. एका पिकावर जगणं म्हणजे काय हे यवतमाळला समजावून सांगावं लागत नाही. पण त्याच पुस्तकात एन्क्रुमांनी विरोधकांना खटल्याविना तुरुंगात टाकलं, १९६४ ला एकपक्षीय राजवट आणली, हेही स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. काँगोत पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून झाला हे लिहायचं आणि पुढचा हुकूमशहा मोबुटू याची बत्तीस वर्षांची लूट वगळायची, असं पुस्तक मला नको. गोऱ्यांचं पाप लिहिताना आपल्या माणसांचं झाकलं, तर वाचणारं पोरगं ते ओळखतं आणि पुस्तक मिटून ठेवतं.

पहिलं पुस्तक कापसाचंच व्हावं असं मला वाटतं: वऱ्हाड, इजिप्त आणि लँकेशायर एकत्र. नागपूर आणि अमरावतीत इतिहास, अर्थशास्त्र शिकवणारी अशी कितीतरी माणसं आहेत, ज्यांच्या घरी अजून पऱ्हाटी आहे. प्राध्यापक मंडळी, हे काम तुमच्यातल्या कुणीतरी अंगावर घ्या. कच्चा खर्डा वाचायला आणि मुद्रितं तपासायला मी हजर आहे. मानधन नको.