‘उत्तर नाही म्हणजे नकार’ असं लिहिणाऱ्या रिक्रूटर मॅडमना

नमस्कार.

रिक्रूटर फोन उचलेनासा झाला की काय करावं, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही खराडीत बरीच वर्षं आयटी रिक्रूटमेंट करता. तुमच्या मते मी नोकरी शोधणाऱ्या मुलांना चिथावतो आणि फॉलोअप घेत राहा असं सांगून रिक्रूटर्सना त्रास द्यायला शिकवतो. एकेका पोझिशनला शेकडो रिझ्युमे येतात, सगळ्यांना उत्तर देणं जमत नाही. उमेदवारही ऑफर घेऊन जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवतात. आणि शेवटी हे वाक्य : ‘उत्तर आलं नाही म्हणजे नकार, एवढी साधी अक्कल इंजिनीअर म्हणवणाऱ्याला असावी.’

आधी सुराबद्दल बोलतो, कारण तो मला लागला. माझा लेख कोण वाचतं याची तुम्हाला कल्पना आहे का? बार्शी, उदगीर, चाळीसगावहून आलेली, वाकडला कॉट बेसिसवर राहणारी मुलं. चाळिशीत प्रोजेक्ट गेल्यामुळे बेंचवर बसलेले, घराचे हप्ते चालू असलेले लोक. दिवसभर फोनकडे बघत बसलेल्या माणसाची अक्कल रात्री कोणीतरी काढतं, आणि ती काढणारी व्यक्ती फोनच्या दुसऱ्या टोकाला बसणारी असते. मी माझ्या लेखात एकाही रिक्रूटरला अपशब्द वापरलेला नाही. पुन्हा वाचून खात्री करून घेतली. तुम्ही उमेदवाराशी समोरासमोर असं बोलाल का? बोलत असाल तर माझा लेख मी लिहिला त्याहून जास्त खरा आहे.

एक गोष्ट मात्र मान्य. कन्सल्टन्सीतली, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना (क्लायंटना) माणसं शोधून देणाऱ्या एजन्सीतली रिक्रूटर आणि कंपनीची स्वतःची एचआर यांत फरक करायला हवा. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते उमेदवार जॉइन झाल्यावर, आणि क्लायंटने फीडबॅकच दिला नाही तर मधली व्यक्ती काय कळवणार? हे तुमचं बरोबर आहे. मूळ लेखात तसं एक वाक्य घालतो.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो. उत्तर न येणं म्हणजे खरोखरच नकार असता तर मी लेख लिहिलाच नसता. माणसाने वाट पाहिली असती, आठवड्याने पान उलटलं असतं. पण तुम्हीच सांगा, तुमच्या बाजूने गप्प बसण्याची कारणं काय असतात? पोझिशन होल्डवर जाते. बजेटची मंजुरी अडकते. मॅनेजर रजेवर जातो. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराशी सीटीसीवरून, म्हणजे वर्षाच्या एकूण पगारावरून घासाघीस चालू असते आणि तो हो म्हणेपर्यंत दुसऱ्याला लटकत ठेवायचं असतं. कधी तर प्रोफाइल क्लायंटकडे गेलेलंच नसतं. यातला नकार किती ठिकाणी आहे?

मी २००९ साली इंजिनीअर झालो. मंदी होती. कॅम्पसमधून मिळालेल्या नोकरीचं जॉइनिंग पुढे ढकललं गेलं आणि मग कंपनीकडून मेल येणंच थांबलं. तुमच्या नियमाने तो नकार होता. मी तो मानला नाही, पाठपुरावा करत राहिलो आणि उशिरा का होईना, जॉइनिंग लेटर आलं. माझ्या बॅचमधल्या ज्यांनी नकार समजून गावाकडे दुसरं काही सुरू केलं, त्यांच्यातले काही जण परत या क्षेत्रात आलेच नाहीत.

अगदी अलीकडचंही सांगतो. बाणेरमधल्या एका कंपनीत टेक्निकल राउंड झाले, मॅनेजरचा राउंड झाला, आणि ‘सोमवारपर्यंत ऑफर लेटर येईल’ असं स्पष्ट सांगितलं गेलं. सोमवार गेला. फोन उचलणं बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिक्स येत होत्या, उत्तर येत नव्हतं. मी तेव्हा नोटीस पिरियड सर्व्ह करत होतो. हातात दुसरी ऑफर होती, ती स्वीकारली आणि जॉइन झालो. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याच रिक्रूटरचा फोन : ऑफर रेडी आहे, कधी येताय? मी नाही म्हटल्यावर मलाच ऐकवलं की आधी कळवायला काय झालं होतं. मॅडम, मी तर तुमचाच नियम पाळला होता.

पुण्यातल्या आयटीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. लास्ट वर्किंग डे ठरलेला, रिक्रूटर मंडळींना हवे इमिजिएट जॉइनर. मधल्या काळात कुठली ऑफर धरायची, कुठली सोडायची, बायआउट (उरलेल्या नोटीस पिरियडचे पैसे भरून लवकर सुटका) मागायचा की नाही, हे सगळं एका मेलवर अवलंबून असतं. ‘पोझिशन होल्डवर आहे’ एवढ्या एका ओळीने त्या माणसाचे तीन महिने सावरतात.

आणि प्रोफाइल अडकण्याचं काय? एका कन्सल्टन्सीने तुमचा रिझ्युमे एखाद्या मोठ्या कंपनीच्या सिस्टममध्ये टाकला की पुढचे काही महिने तो त्यांच्या नावावर. मग मित्राने रेफरल दिला तरी सिस्टम डुप्लिकेट दाखवते. म्हणजे गप्प बसणारा रिक्रूटर स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही. म्हणूनच मी लिहिलं होतं की रिझ्युमे पाठवण्याआधी क्लायंटचं नाव विचारा आणि ‘प्रोफाइल सबमिट झालं’ हे मेलवर लेखी घ्या. त्या सल्ल्यावर मी आजही ठाम आहे. फॉलोअपसुद्धा मी आठवड्यातून एकदाच, मेलवर आणि चार ओळींचाच सांगितला आहे. याला त्रास म्हणायचं?

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून नियम लागू झाला आहे. २५ किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने जाहिरात दिलेल्या पदासाठी मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही ते उमेदवाराला कळवायचं. तिथेही एकेका जागेला ढिगाने अर्ज येतात.

राहिलं शेकडो रिझ्युमेंचं. प्रत्येक अर्जाला उत्तर द्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ज्याची मुलाखत घेतली त्याला द्या, एवढंच लिहिलंय. आणि असे लोक शेकडो नसतात. ऑफर घेऊन न येणाऱ्यांचा राग माझ्या वाचकांवर काढू नका, तो वेगळा विषय आहे आणि इथे त्यात शिरणार नाही.

तुमच्याकडून मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. तुमच्या ऑफिसात मुलाखत झालेल्या उमेदवाराला नकार कळवण्याचं काम नेमकं कोणाकडे आहे? रिक्रूटरकडे, हायरिंग मॅनेजरकडे, की कोणाकडेच नाही? ते लिहा. तुमची प्रतिक्रिया मी एक अक्षरही न कापता छापेन, आधीची छापली तशीच.