८ महिन्यांत पुन्हा बॅटरी फुगल्याच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

मार्चमध्ये आमच्याकडे बदललेली लॅपटॉपची बॅटरी ८ महिन्यांत पुन्हा फुगली, टचपॅड वर आला, काउंटरवरच्या मुलाने ‘तुम्हीच ओव्हरचार्ज केलंत’ म्हणून तुमच्यावर ढकललं, आणि काढलेली बॅटरी मागितली तर तीही दिली नाही, असं तुम्ही लिहिलंय. चारही गोष्टी खऱ्या आहेत. लेकीचं सबमिशन तोंडावर असताना हे झालं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आधी ओव्हरचार्जचं. आमच्या मुलाने सांगितलं ते चूक होतं. १०० टक्के झाले की आतलं सर्किट चार्जिंग आपोआप थांबवतं, त्यामुळे रात्री पिन काढली नाही म्हणून तुम्हाला कुणी बोल लावू नये. खरा त्रास वेगळा आहे. बॅटरीतला भरलेला सेल ४.२ व्होल्ट किंवा त्याहून जरा वर असतो. तो महिनोन्‌महिने तसाच भरलेला आणि वर गरम राहिला, की आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडून वायू तयार होतो. सेलची पिशवी, म्हणजे पाऊच, सीलबंद, वायूला वाट नाही, म्हणून तो फुगतो. एकदा फुगलेली बॅटरी पुन्हा बसत नाही.

परवा तुमचा लॅपटॉप मी स्वतः उघडला. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांमध्ये गोधडीचा कापूस नमद्यासारखा दाटून बसला होता. फॅन फिरत होता, पण हवा बाहेर पडत नव्हती. लेक गादीवर बसून काम करते, चार्जर कायम लावलेला असतो, असं तुम्हीच सांगितलंत. मुंबईच्या घरात टेबलाला जागा असतेच असं नाही, माझी मुलंही पलंगावरच शिकली. पण खालची जाळी गादीत रुतली की हवा आत शिरत नाही, प्रोसेसरची उष्णता आतच कोंडते आणि शेजारची बॅटरी दिवसभर शेकत राहते. कंपन्या साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा म्हणतात. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत तेवढं सहज होतं, त्यात ही गादी.

म्हणूनच चूक माझी आहे. मार्चमध्ये तुम्ही फुगलेली बॅटरी घेऊन आलात, आम्ही ती बदलली आणि मोकळे झालो. ती का फुगली, हे कुणी पाहिलं नाही. तेव्हाच फॅन साफ करून, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी, सुकलेली थर्मल पेस्ट बदलून, चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावून द्यायला हवी होती. मूळ कारण जागेवरच राहिलं, त्यामुळे दुसरी बॅटरीही त्याच वाटेने गेली. वॉरंटी ६ महिन्यांचीच होती, तरी या वेळी बॅटरीचे, सफाईचे, पेस्टचे, कसलेच पैसे घेणार नाही.

जुनी बॅटरी मात्र देणार नाही, यावर मी ठाम आहे. शेजारच्यांनी सुईने हवा काढून वापरा असं सुचवल्याचं तुम्ही फोनवर म्हणालात. ताई, हे चुकूनही करू नका. आतला वायू पेट घेणारा असतो, आणि सुई आतले थर एकमेकांना जोडते. शॉर्ट होऊन काही क्षणांत धूर आणि आग. ओल्या-सुक्या कचऱ्यातही ती टाकायची नसते, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर तिथेही पेटू शकते. आम्ही अशा बॅटऱ्या वाळूच्या डब्यात वेगळ्या ठेवून ई-कचऱ्यात देतो. तुमची तिथेच आहे.

लॅमिंग्टन रोडवर १९ वर्षं हेच काम करतोय, म्हणून हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगतो. टचपॅडचा क्लिक कडक झाला किंवा लॅपटॉप सपाट जागेवर डुगडुगू लागला, की आतली बॅटरी फुगत असण्याची शक्यता असते. टचपॅड दाबून बसवायला जाऊ नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पडदे-गाद्यांपासून लांब फरशीवर ठेवा आणि लगेच दुकानात आणा. ८० टक्क्यांची मर्यादा बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) मिळते. लेनोव्होच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अशा मर्यादेला कन्झर्वेशन मोड म्हणतात, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग किंवा बॅटरी केअर मोड. टेबल नसेल तर जेवायचा पाट गादीवर ठेवून त्यावर लॅपटॉप ठेवा. मी स्वतः घरी हेच करतो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत लॅपटॉप तयार होईल. तुम्ही येऊ नका, मीच घरी घेऊन येतो आणि मर्यादेची सेटिंग लेकीला समोर बसून दाखवतो.