ग्लेनको म्हणजे ‘रडणारी दरी’ नव्हे

स्कॉटलंडच्या फोटोंखाली आणि व्हॉट्सॲपवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: 1692 मध्ये पाहुणे म्हणून राहिलेल्या शिपायांनी मॅकडोनल्ड घराण्याच्या लोकांना पहाटे झोपेत कापून काढलं. तेव्हापासून त्या खोऱ्याला ग्लेनको, म्हणजे ‘रडणारी दरी’, म्हणतात. कत्तलीचा इशारा सिग्नल रॉक नावाच्या टेकाडावर जाळ करून दिला गेला. आणि जे पळाले ते वरच्या दरीत हरवले, म्हणून ती लॉस्ट व्हॅली.

कत्तल खरी आहे. कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेलच्या हाताखालचे सुमारे 120 शिपाई बाराएक दिवस त्याच घरांत जेवत-झोपत होते आणि 13 फेब्रुवारीला पहाटे त्यांनी यजमानांवरच हत्यार उचललं. मेलेल्यांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा 38 आहे. बर्फात डोंगराकडे पळालेल्यांपैकी कित्येक थंडीने गेले ते वेगळे. यातलं काहीच नाकारायचं नाही. चूक आहे ती नावांबद्दल जे सांगितलं जातं त्यात.

सगळ्यात आधी ‘तेव्हापासून’ हा शब्द. इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा विल्यम याच्या सहीचा हुकूम 16 जानेवारी 1692 चा आहे, म्हणजे कत्तलीच्या चार आठवडे आधीचा. त्यात घराण्याच्या प्रमुखाचा उल्लेख ‘ग्लेनकोचा मॅकइयन’ असाच आहे. 12 फेब्रुवारीला कॅम्पबेलसाठी लिहिलेल्या हुकमातही ‘ग्लेनकोचे मॅकडोनल्ड’ आहेत. ज्या कागदांवरून कत्तल झाली त्यांच्यावरच हे नाव आहे, तर ते कत्तलीमुळे कसं पडेल?

आता अर्थ. गेलिकमध्ये, म्हणजे त्या खोऱ्यातल्या लोकांच्या मूळ भाषेत, खोऱ्याचं नाव ‘ग्लेअन कोअन’च्या जवळ उच्चारतात. लिहिताना दुसऱ्या शब्दाच्या मध्ये ‘म’ आणि ‘ह’ची अक्षरं येतात. गेलिकमध्ये ही जोडी ‘म्ह’ अशी वाचत नाहीत. इथे तर तिचा जेमतेम नाकातला सूर उरतो. शोक या अर्थाचा गेलिक शब्द ‘कूय’सारखा ऐकू येतो. त्यात शेवटचा ‘न’ नाही आणि मधला अनुनासिक सूरही नाही. इंग्रजीत ‘को’ एवढंच उरल्यावर दोन्ही शब्द कानाला सारखे वाटू लागतात, पण हे साम्य इंग्रजी रूपापुरतंच आहे. मूळ बोलीत ते नाही.

याहून भक्कम पुरावा खोऱ्याच्या तोंडाशी आहे. को नदी लॉख लेव्हन या समुद्राच्या खाडीला मिळते, तिथल्या वस्तीचं नाव इन्व्हरको. ‘इन्व्हर’ म्हणजे नदीचं मुख, आणि त्याच्यापुढे बहुधा नदीचं किंवा ओढ्याचं नाव येतं. नेस नदीच्या मुखाशी इन्व्हरनेस. ॲरे नदीच्या मुखाशी इन्व्हरॲरे, जिथे मॅकइयनने 6 जानेवारीला, ठरलेली मुदत टळल्यावर पाच दिवसांनी, राजनिष्ठेची शपथ घेतली होती. ‘को’ म्हणजे रडणं धरलं तर इन्व्हरकोचा अर्थ ‘रडण्याचं मुख’ होईल. तसं गावाचं नाव कुणी ठेवत नाही. को हे आधी नदीचं नाव, खोऱ्याला ते नदीवरून मिळालं. नद्यांची नावं बहुधा वस्त्यांपेक्षा जुनी असतात आणि भाषा बदलली तरी टिकतात, म्हणून ‘को’चा नेमका अर्थ अभ्यासकही छातीठोकपणे सांगत नाहीत.

मग रडणं आलं कुठून? ते इंग्रजी पुस्तकांतून पसरलं. इतिहासकार मेकॉले यांनी इंग्लंडच्या इतिहासाच्या 1855 च्या खंडात ‘गेलिकमध्ये ग्लेनको म्हणजे रडण्याची दरी’ असं ठाम लिहिलं, आणि त्यांचा वाचकवर्ग अफाट होता. वाक्य सुंदर, प्रसंग काळीज हलवणारा. गेलिक येणाऱ्याला विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

सिग्नल रॉकचं उत्तर थोडक्यात देता येतं. कॅम्पबेलच्या हुकमात वेळ लिहिलेली आहे: पहाटे बरोबर पाच. वेळ ठरवून दिल्यावर डोंगरावर जाळ करून शिपायांना इशारा द्यायचं कारण नव्हतं. शिवाय त्या टेकाडाचं गेलिक नाव ‘टोम अ ग्रिआनन’, म्हणजे उन्हाचं टेकाड. त्यात इशाराही नाही आणि आगही नाही.

लॉस्ट व्हॅलीकडे मात्र नीट पाहायला हवं, कारण इथे दंतकथा आणि नाव खरोखर जुळतात, फक्त दंतकथा दुसरी आहे. गेलिक नाव ‘कोरे गव्हल’. ‘कोरे’ म्हणजे मूळ अर्थाने कढई, आणि त्यावरून डोंगरातला कढईसारखा खोलगट भाग. ‘गव्हल’ म्हणजे पकडणं, ताब्यात घेणं. जागाही तशीच: आत सपाट तळ, तिन्ही बाजूंना कडे, आणि तोंडाशी दरडीच्या प्रचंड धोंड्यांचा ढीग, त्यामुळे खालच्या वाटेवरून आतलं काही दिसत नाही. मॅकडोनल्ड इथे पळवून आणलेली गुरं लपवत, अशी परंपरा आहे. हरवलेल्या माणसांचा गेलिक नावात मागमूस नाही.

खोऱ्यातली बाकीची नावंही याच वळणाची आहेत. पूर्वेच्या तोंडाशी बुअखल एटिव्ह मोर, म्हणजे एटिव्हचा थोरला गुराखी. जिथे त्या पहाटे माणसं मारली गेली त्या अखनकोनचा अर्थ कुत्र्यांचं शेत. गुरं, कुत्री, ऊन: या लोकांनी आपल्या जागांना आपल्या रोजच्या जगण्यातली नावं दिली होती. सगळ्या खोऱ्यावर ‘रडणं’ चिकटवलं की मारले गेलेल्यांची भाषाही पुसली जाते, आणि मला यातलं हेच सगळ्यात जास्त लागतं.

पडताळून पाहायचं असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या नाववह्या उघडा. ग्लेनको ज्यात येत असे त्या अर्गाइल परगण्याच्या वह्या 1868 ते 1878 मधल्या आहेत आणि इंटरनेटवर पाहता येतात. दर नावापुढे वेगवेगळी स्पेलिंगं, ती सांगणारी माणसं आणि जागेचं वर्णन असे रकाने आहेत. सांगणारा कोण, हे आधी वाचा: जमीनदाराचा कारभारी आणि तिथेच वाढलेला शेतकरी यांची साक्ष सारखी धरू नका. आजचं अधिकृत गेलिक रूप ‘आनिमन-आटे ना हालबा’ या संस्थेच्या कोशात मिळतं, उच्चारासाठी आधी तिकडे जा. क्रम असा ठेवा: सर्वांत जुनी नोंद, मग स्थानिक उच्चार, मग जागेचं रूप. अर्थ सगळ्यात शेवटी.

फोटोखाली ओळ लिहायचीच असेल तर ही लिहा: ‘ग्लेनको, को नदीचं खोरं. 13 फेब्रुवारी 1692 ला इथे मॅकडोनल्डांची कत्तल झाली.’