फितूर पोलिस आणि गोंद्या

परवा पुण्याहून मामेभावाचा फोन. विषय नेहमीचाच, आपले थ्रिलर म्हणजे डोकं बाजूला ठेवून बघायचे आणि तुमच्याकडचे बघ कसे घट्ट विणलेले. तुमच्याकडचे म्हणजे हॉलीवूडचे, मी राहतो लंडनला, पण त्याच्या लेखी परदेश एकच. म्हटलं बाबा, आधी 2016 चा 'लंडन हॅज फॉलन' बघ मग बोल.

ब्रिटनचा पंतप्रधान अचानक जातो, अंत्यविधीला जगभरचे नेते येतात आणि एकेक करून उडवले जातात, एक थेम्समध्ये बोटीत, एक पुलावर ट्रॅफिकमध्ये, एक तर वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या छतावर मैत्रिणीबरोबर हवा खात असताना. आणि कट काय, तर पोलिस नकली, पॅलेसचे गार्ड नकली, वर आतला एक बडा साहेब फितूर. अरे, एवढे सगळे तुमचेच असतील तर त्याला कट नाही, पोलिस भरती म्हणतात!

इथे राहून जास्तच हसू येतं कारण सप्टेंबर 2022 मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यविधीला खरंच जगभरचे नेते आले तेव्हा बहुतेकांना चक्क बसमध्ये घालून ॲबीला नेलं, वऱ्हाडासारखं. बायडन स्वतःच्या गाडीने. आता हे लेखकाला मिळालं असतं तर? एकच बस, कोण कुणाशेजारी बसणार, कुणाला उशीर झाला... पण नाही, हेलिकॉप्टर पाडायचंच.

म्हणून आपले बरे असं नाही हां. तिथेही हीरोला गोळी लागत नाही, इथेही लागत नाही, फरक बजेटचा. फक्त आपल्याकडे इंटरव्हलला सामोसा खाताना सगळी भोकं सापडतात, इथे इंटरव्हलच नसतो.

उलट 1973 चा 'द डे ऑफ द जॅकल' घ्या. भाडोत्री मारेकरी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायला निघालाय, पण ते 1970 ला घरीच वारले हे सगळ्यांना माहीत, म्हणजे मारेकरी हरणार हे तिकीट काढतानाच कळलेलं, तरी खुर्ची सोडवत नाही कारण त्याला राबावं लागतं, मेलेल्या पोराच्या नावावर पासपोर्ट, खास बनवून घेतलेली बंदूक, कलिंगडावर नेम धरून बघणं, आणि पोलिसही हॉटेलांची कार्डं चाळत तेवढेच राबतात. कुणी फुकट मूर्ख नाही.

आणि आपल्याकडे तर 22 जून 1897 पडलाय, त्याच नावाचा 1979 चा मराठी पिक्चरही आहे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षं, पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमधून रात्री गाड्या बाहेर पडतायत, अंधार, प्लेग अधिकारी रँड नेमका कुठल्या गाडीत? अख्खा सस्पेन्स एवढाच, आणि 'गोंद्या आला रे' ही चापेकर बंधूंची खूण. तरी मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्टही गेला, आणि रँड तिथल्या तिथे मेलाच नाही, 3 जुलैला गेला. इथे चापेकरांना एकही फितूर शिपाई लागला नाही.

हे मी रंगात येऊन सांगतोय तर भाऊ गणेशखिंड रोडवरच ट्रॅफिकमध्ये अडकलेला. म्हणाला, थांब, सिग्नल सुटला.