फीत कापल्यानंतरचे साडेसात महिने

युक्लिड या युरोपीय अवकाश दुर्बिणीचा विषय निघाला की लोक दोनच तारखा सांगतात. 1 जुलै 2023, ती फाल्कन 9 रॉकेटवर बसून केप कॅनाव्हरलहून उडाली तो दिवस. आणि 7 नोव्हेंबर 2023, तिची पहिली पाच रंगीत छायाचित्रं जगासमोर आली तो दिवस. उड्डाणाचा व्हिडिओ सगळ्यांनी शेअर केला, छायाचित्रं डीपीला लावली, विषय संपला. माझं म्हणणं एवढंच, की बघण्यासारखं जे होतं ते या दोन तारखांच्या मधे आणि पुढे 14 फेब्रुवारी 2024 ला खरं सर्वेक्षण सुरू होईपर्यंत घडत होतं, आणि तिकडे आपलं कोणाचं लक्षच नव्हतं.

मी हे हिरिरीने बोलतो याला कारण आहे. माझी सगळी नोकरी विदर्भातल्या वीज केंद्रांत, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. नवा संच उभा राहिला की मंत्री येणार, नारळ फुटणार, बटण दाबलं जाणार, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. आमचं काम त्यानंतर सुरू. कुठे ट्रान्समीटर खोटं रीडिंग दाखवतोय, कुठे व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतोय, रात्री दोनला संच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. शिफ्टच्या लॉगबुकात साध्या नोंदी निळ्या शाईत, ट्रिपच्या लाल शाईत. एका ठिकाणी उद्घाटनानंतर पानंच्या पानं इतकी लाल झाली, की साहेबांनी कंट्रोल रूममधून लाल पेनच उचलून नेलं. संच व्हायचा तेव्हाच ट्रिप होत राहिला, फक्त निळ्या शाईत.

युक्लिडवाल्यांनी लाल पेन टेबलावरच ठेवलं. मला त्यांचं कौतुक आहे ते याचं.

आता ही दुर्बीण आहे कशासाठी ते थोडक्यात. आरसा 1.2 मीटरचा, म्हणजे जेम्स वेब दुर्बिणीच्या 6.5 मीटरपुढे अगदीच लहान. पण वेब एका ठिकाणी खोल बघते, तर युक्लिडला सहा वर्षांत आकाशाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग पालथा घालायचाय. त्यासाठी 600 मेगापिक्सेलचा कॅमेरा. दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचा, प्रकाश आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या डार्क मॅटरच्या, म्हणजे न दिसणाऱ्या द्रव्याच्या, गुरुत्वाकर्षणाने किंचित वाकतो, त्यामुळे त्या दीर्घिकांचे आकार जरासे ओढल्यासारखे दिसतात. एकेका दीर्घिकेत हे कळतही नाही. दीडेक अब्ज दीर्घिका मोजल्या, तर न दिसणाऱ्या त्या द्रव्याचा नकाशा काढता येतो. म्हणजे सगळी भिस्त आकार अचूक टिपण्यावर. दुर्बीण जरा हलली की खेळ खलास.

आणि नेमकी तीच हलत होती.

ठरलेल्या ताऱ्यांवर नजर रोवून दुर्बीण स्थिर ठेवणारा एक सेन्सर असतो. त्याला ते तारे मधूनच सापडेनासे झाले. सूर्याकडून येणारे जोराचे कण त्यावर आदळायचे, त्यांचे खोटे ठिपके उमटायचे, आणि त्या गर्दीत खरे तारे हरवायचे. त्या काळातलं एक छायाचित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. मी ते मोबाइलवर मोठं करून पाहिलं. एकही तारा ठिपका नाही, प्रत्येकाच्या जागी वेटोळं. शेजारी शेजारी सगळी वेटोळी अगदी एकसारखी, म्हणजे तारे जागेवरच होते, हललाय तो कॅमेरा. चार्ट रेकॉर्डरच्या, म्हणजे रीडिंगची रेघ काढणाऱ्या यंत्राच्या, कागदावर आयुष्य काढलेल्या माणसाला असा कागद हातात आला की आधी घाम फुटतो आणि मग हात शिवशिवतात.

हे मी नागपुरातल्या अंबाझरी तलावावरच्या आमच्या सकाळच्या मंडळींना सांगितलं. तर्री पोहे खाता खाता आमचे एक मित्र म्हणाले, "पाठवून महिने झाले अन् अजून दुरुस्त्याच करून राह्यले? मंग पाठवली कायले?"

भाऊ, हबल दुर्बीण पृथ्वीपासून पाच-सहाशे किलोमीटरवर होती, 1993 मध्ये अंतराळवीर जाऊन तिची नजर सुधारून आले. युक्लिड 15 लाख किलोमीटरवर आहे. तिथे पाना घेऊन कोणी जात नाही. जे करायचं ते इथे बसून, सॉफ्टवेअर बदलून. त्यांनी ते लिहिलं, जमिनीवर तपासलं, वर पाठवलं, पुन्हा तपासलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाहीर केलं की हरवलेले तारे सापडले. त्याआधी कॅमेऱ्यात एका बारीक फटीतून सूर्यप्रकाश शिरताना आढळला होता. फट बुजवता येत नाही, म्हणून दुर्बीण कोणत्या कोनात धरायची नाही तेच ठरवून टाकलं.

मग बर्फ. नोव्हेंबरात त्यांच्या लक्षात आलं, की ज्या ताऱ्यांचं तेज बदलत नाही, तेसुद्धा थोडे थोडे मंद होत चाललेत. जमिनीवर जुळणी करताना दुर्बिणीच्या उष्णतारोधक आवरणांनी हवेतलं पाणी शोषून घेतलं होतं, ते आता हळूहळू सुटून आरशांवर गोठत होतं. थर फार तर काही दहा नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). सगळी दुर्बीण एकदम तापवली तर बर्फ जाईल, पण भाग प्रसरण पावून जुळणी बिघडायची भीती. म्हणून एकेक आरसा वेगळा तापवायचं ठरलं. मार्च 2024 मध्ये पहिलाच आरसा उणे 147 वरून उणे 113 अंशांवर नेला आणि 15 टक्के जास्त प्रकाश यायला लागला. त्याच आठवड्यांत इथे नागपुरात कूलर बाहेर काढून त्यांची खस बदलणं चालू होतं. उणे 113 ला कोणी तापवणं म्हणतं हे आमच्या मंडळींना काही केल्या पटेना.

सगळ्यात मजेची गोष्ट मात्र या चाचणीच्याच काळातली. सप्टेंबर 2023 मध्ये मुद्दाम फोकस बिघडवून घेतलेली काही छायाचित्रं होती, निव्वळ तपासणीसाठी. त्यात एका शास्त्रज्ञाला एका दीर्घिकेभोवती काहीतरी वर्तुळासारखं दिसलं. नंतर नीट पाहिलं तर अख्खं आइनस्टाइन वलय! एनजीसी 6505 ही ती दीर्घिका, 59 कोटी प्रकाशवर्षांवर, एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेली. तिच्या बरोबर मागे 4.42 अब्ज प्रकाशवर्षांवरची दुसरी एक दीर्घिका, आणि तिचा प्रकाश पुढचीच्या गुरुत्वाने वाकून गोल कड्यासारखा दिसतोय. फेब्रुवारी 2025 मध्ये ते जाहीर झालं. ट्रायल रनचे कागद रद्दीत देऊ नका, असं मी ज्युनियर पोरांना सांगत आलो, आता दाखला मिळाला.

आता आपल्याकडचं. 28 सप्टेंबर 2015 ला इस्रोने आकाशनिरीक्षणाचा उपग्रह अ‍ॅस्ट्रोसॅट पाठवला तेव्हा पहिल्या पानावर बातमी होती. त्याच्या अतिनील दुर्बिणीची झाकणं पुढे दोन महिने उघडलीच नव्हती, का, तर यानातून सुटणारे वायू आरशांवर बसू नयेत म्हणून. किती शहाणपणाचा निर्णय! पण तो शाळेतल्या किती पोरांना माहीत आहे? 2018 मध्ये त्या दुर्बिणीचा एक भाग बंद पडला, क्ष-किरण उपकरणाच्या तीनपैकी एका एककातून वायू गळाला. पाच वर्षांसाठी पाठवलेला उपग्रह तरीही त्यानंतर कितीतरी काळ काम करत राहिला, आणि 2020 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने त्याच्या निरीक्षणांतून 9.3 अब्ज प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश सापडला. हे सगळं शोधनिबंधांत उघडपणे लिहिलेलं आहे. लपवालपवी नाही. पण त्याची बातमी होत नाही, कारण बिघाड म्हटला की आपल्याला एकच बातमी लिहिता येते, अपयशाची.

जानेवारी 2024 मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा, म्हणजे कृत्रिम उजेड आवरून रात्रीचं काळोखं आकाश जपणाऱ्या जागेचा, मान मिळाला. नागपूरकर म्हणून छाती फुगलीच. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणही आहे. माझी दोन्हीकडच्या लोकांना विनंती आहे, रंगीत छायाचित्रांच्या शेजारी ते वेटोळ्यांचं छायाचित्रसुद्धा लावा. आठवीतली पोरगी विचारेल, हे असं का आलं? त्या प्रश्नाला उत्तर देताना जेवढं विज्ञान सांगून होतं तेवढं तेजोमेघाच्या पोस्टरसमोर तासभर उभं राहून होत नाही.

आणि हो, आवरणांतलं पाणी एकदा तापवून संपत नाही. बर्फ पुन्हा धरणार, आरसे पुन्हा तापवावे लागणार, हे युक्लिडवाल्यांनीच सांगून ठेवलंय. तेव्हा "युक्लिड पुन्हा बिघडली" असा फॉरवर्ड आला तर तो मला पाठवण्याआधी कोणता आरसा आणि किती अंशांनी तापवला, तेवढं वाचून पाठवा.