'आमची माती' लागलं की टीव्ही बंद? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितोय.

इतर वाचकांसाठी : दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांत किती वैविध्य होतं, अशा माझ्या लेखावर यांचं म्हणणं थोडक्यात असं. एकच वाहिनी होती म्हणून लोक बघायचे. शेतकऱ्यांसाठीचं 'आमची माती, आमची माणसं' लागलं की यांच्या घरी टीव्ही बंद व्हायचा. वैविध्य आज आहे, शेकडो वाहिन्या आणि वर यूट्यूब. मी आपल्या बालपणालाच वैविध्य म्हणतोय. मग करदात्यांच्या पैशावर दूरदर्शन चालवायचं कशाला? आणि शेवटी एक खोचक प्रश्न, त्याकडे शेवटीच येतो.

आधी पटलेलं सांगतो. पर्याय नव्हता, हे खरंच. बातम्या सरकारच्याच होत्या आणि आणीबाणीत तर विचारायलाच नको. तुमच्या हातून निसटलेला एक मुद्दा मीच तुमच्या पदरात टाकतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात दिसू लागलं. म्हणजे सुरुवातीची वर्षं 'आमची माती'चे बरेचसे प्रेक्षक गिरगाव, दादर नाहीतर सदाशिव पेठेतले. ज्याच्या मातीबद्दल बोलणं चाललंय, त्याच्या घरात टीव्हीच नाही!

आता हाच विनोद उलटा करून बघा. मी चाळीत वाढलो. टीव्ही समोरच्या बिऱ्हाडात. छायागीताला जागा मिळवायची तर आधीपासून जाऊन बसावं लागे, त्यामुळे त्याआधी जे लागेल ते मुकाट्याने बघायचं. मावा, तुडतुडे, करपा ही पिकांवरच्या किडी-रोगांची नावं मी तिथे फरशीवर बसून शिकलो. आयुष्यात एक रोप लावलं नाही, पण कपाशीवर मावा पडला की कुणाच्या तरी घरात काळजी पसरते, एवढं कळलं. हे मला हवं होतं का? मुळीच नाही. मला गाणी हवी होती.

आणि फक्त शेतीच का? त्याच वाहिनीवर गुजराती मुलांसाठी 'संताकुकडी' असायचं. नावाचा अर्थ लपाछपी, हे मला शेजारच्या मुलाने सांगितलं. सबिरा मर्चंट इंग्रजी शब्दांचा खेळ घ्यायच्या. त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं, तरी आम्ही बघायचो. गिरणगावातल्यांसाठी 'कामगार विश्व', साहित्य-कलेसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा', हसायला 'गजरा', दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचं 'चिमणराव'. आकाशानंदांचं 'ज्ञानदीप' तर लोक नुसतं बघत नव्हते. प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. पर्याय नाही म्हणून माणूस टीव्हीसमोर बसून राहील हो, पण पर्याय नाही म्हणून मंडळ नाही काढणार.

तुमचा-माझा खरा मतभेद मोजण्याच्या पद्धतीवर आहे. तुम्ही वाहिन्या मोजता. मी विचारतो, प्रेक्षक म्हणून कोण कोण धरलं गेलं? आज संध्याकाळी सात ते दहा कुठलीही मोठी खासगी मराठी मनोरंजन वाहिनी लावा. सून, सासू, लग्न, कटकारस्थान. वाहिनी बदला, दागिने बदलतील. (सारेगमपच्या 'लिटिल चॅम्प्स'ने मलाही रडवलंय, ते नाकारत नाही.) दोष लेखकांचाही नाही. जाहिरातदाराला ज्याच्या खिशात रस, त्याच्यासाठीच कार्यक्रम बनणार. दूरदर्शनने रविवारी दुपारी कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे तेव्हा हसण्यावारी नेलं जायचं. पुढे माझ्या मावसभावाला ऐकू येत नाही हे कळलं, आणि त्या पंधरा मिनिटांत घरात कुणी बोलेनासं झालं. या पंधरा मिनिटांसाठी कुठला साबणवाला पैसे देणार होता?

म्हणूनच करदात्यांच्या पैशाचा तुमचा मुद्दा मी उलटा मांडतो. ज्याच्यासाठी बाजार पैसे देत नाही, त्याच्यासाठीच तर करातून द्यायचे. ते नीट होत नसेल तर ओरडा, मीही ओरडतो. दूरदर्शनचं वैविध्य खासगी वाहिन्यांनी मारलं असं मी लेखात लिहिलं होतं, ते अर्धवट होतं. निम्मं दूरदर्शनने स्वतःच मारलं. १९७६ पासून जाहिराती आल्या, तोवर ठीक. पण १९९३ साली डीडी मेट्रो ही दुसरी वाहिनी आणली ती केबलशी बरोबरी करायला, आणि २००० साली तिचेच संध्याकाळचे तीन तास वर्षभरासाठी १२१ कोटींना खासगी कंपनीला देऊन टाकले. १९९७ मध्ये दूरदर्शन-आकाशवाणी चालवायला प्रसार भारती झाली, कागदावर स्वायत्तता आली. पैसा आणि नेमणुका मात्र दिल्लीच्याच हातात राहिल्या. दुसऱ्याची नक्कल करायची तर मूळच काय वाईट? लोक मूळाकडे गेले.

यूट्यूबबद्दल. तिथे सगळं आहे, मान्य. द्राक्षावरच्या भुरीपासून ध्रुपदापर्यंत. पण तिथे मला तेच मिळतं, जे मी आधीच शोधतो. गेल्या वर्षी कंबरदुखीचा एक व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून माझ्या मोबाइलच्या मते जगात कंबरेशिवाय काही उरलेलं नाही. कपाशीचा मावा तिथे मला कधी भेटला नसता. तुम्ही टीव्ही बंद करत होता म्हणता, पण कार्यक्रमाचं नाव स्वल्पविरामासकट बरोबर लिहिलंत. बंद करायला उठेपर्यंत थोडं तरी कानावर पडत असणार.

आता तो खोचक प्रश्न, दूरदर्शनच्या आजच्या मराठी वाहिनीबद्दलचा : 'तुम्ही स्वतः सह्याद्री शेवटचं कधी लावलंत?'

मी लावलेलं नाही. माझ्या घरी ते कितव्या क्रमांकावर दिसतं, हे आत्ता उठून बघावं लागेल. शेवटचं पाहिलं ते गावी, आईकडे. तिच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे, महिन्याचा खर्च शून्य. सातच्या बातम्या लागल्या होत्या आणि मी मोबाइलवर, बहुधा याच ब्लॉगवरच्या प्रतिक्रिया वाचत होतो. तिने न बोलता आवाज वाढवला. बातम्या संपल्यावर मी विचारलं, रोज हेच लावतेस? म्हणाली, "बाकीचे ओरडतात रे."